गाळलेला आवाज

माझ्या आवाजावर बंदी घातली ती एका यंत्रानं. माणसाची छाती झाली नसती.

नांदणीच्या शिवारात आमचं गुऱ्हाळ आहे. आता ऊस यंत्र तोडतं, चरक सूर्याच्या विजेवर फिरतो, रस किती तापला ते भिंतीवरचा पडदा सांगतो. पण गूळ अजून काहिलीतच शिजतो आणि तिथं उभी राहून हुकूम देणारी बाई मीच. चरकाच्या घरघरीवरून माझा आवाज फडाच्या पार टोकाला पोचतो. मगदूमांची आक्का ओरडली की नदीपलीकडची म्हैससुद्धा पाय उचलते म्हणतात. म्हणू देत. नवरा गेल्यावर ह्याच आवाजावर मी गुऱ्हाळ चालवलं, दिरांच्या वाटण्या केल्या आणि पारिसला वाढवलं. मी शाळेत चारच यत्ता गेले, पण मला कुणी फसवलेलं नाही.

पारिस माझा एकुलता एक. गुऱ्हाळाच्या छपरावर सौरपाट्या पुसायला चढला आणि धुराड्याजवळ पाय सरकून डोक्यावर पडला. मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. डॉक्टर मुजावर म्हणून बाई होत्या, माझ्या निम्म्या वयाच्या. त्यांनी त्याच्या कवटीला बारीक भोक पाडलं आणि आत केसापेक्षा पातळ तारांची जाळी सोडली.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. तोंडात नळी, डोक्यात नळी, मान दोन्ही बाजूंनी टेकवून सरळ ठेवलेली. कुठलीही आई म्हणेल तेच मी म्हणाले, "पारिस! ए पारिस! ऊठ, डोळे उघड बघू!"

त्याच्या उशाजवळच्या पडद्यावरचा हिरवा आकडा पिवळा झाला, मग लाल. सिस्टरनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. त्यानंतरही दोनदा तसंच झालं. मग दाराशेजारच्या काचेवर अक्षरं उमटली. त्रिशलानं, म्हणजे माझ्या सुनेनं, ती वाचून दाखवली: 'रुग्णाची आई आक्काताई मगदूम यांचा आवाज खोलीत नको.'

मी तडक डॉक्टरणीच्या खोलीत गेले.

"बसा, आक्का."

"बसायला आले नाही. माझं नाव काचेवर कुणी लावलं?"

"यंत्रानं."

"यंत्राला कुणी मालक असेल की."

"इथं मीच."

"मग पुस."

"पुसते. पण आधी ऐकून घ्या. मग पुसायचं का ते तुम्हीच सांगा."

माझ्याशी असं बोलणारी माणसं कमी. मी बसले.

तिनं जे सांगितलं ते असं. डोक्याला पहिला मार पडला तो पडला, तो कुठल्याही डॉक्टरला परत घेता येत नाही. दवाखाना झगडतो तो दुसऱ्या माराशी. मार खाल्लेला मेंदू सुजतो. कवटीत मेंदू, रक्त आणि पाणी मावेल एवढीच जागा. एक वाढलं की दुसऱ्याला चेपतं. आतला दाब बावीसच्या वर राहिला की रक्त नीट चढत नाही आणि जे जगलेलं असतं तेही मरायला लागतं. काहिलीत फेस वर चढतो तेव्हा आम्ही भेंडीचं पाणी मारून तो बसवतो, पण काहील वरून उघडी असते. ह्या काहिलीवर हाडाचं झाकण आहे. म्हणून उशाशी उंची द्यायची, झोपेचं औषध द्यायचं, खारट सलाइननं सूज ओढायची, नळीतून थोडं पाणी काढायचं आणि काहीच चाललं नाही तर झाकण काढायचं.

"हे सगळ्यांसाठीचे नियम," डॉक्टरीण म्हणाली. "पूर्वी एवढेच होते. आता ही जाळी खोलीतली प्रत्येक गोष्ट पाहते. उजेड, हात लावणं, कूस बदलणं, आवाज. कशानं दाब वाढला, कशानं उतरला, ते शिकते आणि त्या एका पेशंटपुरते नियम काढते. पारिसच्या बाबतीत तिनं पहिला नियम तुमच्यावर काढला."

"माझ्या आवाजात विष आहे काय?"

"उलट आहे. तुमचा आवाज आला की तो उठायला बघतो. मेंदूचा तेवढा भाग जागा होतो, तिकडं रक्त धावतं. आणि आत जागा नाही."

"म्हणजे ऐकतोय तो."

"ऐकतोय. आज्ञाधारक पोरगा आहे."

"मग वाईट काय त्यात?"

"आत्ता तुमची आज्ञा पाळणं त्याला परवडत नाही, आक्का."

मी उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "राहू दे काचेवर."

बाहेर बाकावर त्रिशला डबा घेऊन बसली होती. तिच्या आवाजानं आकडा हलतच नव्हता, ना वर ना खाली. मी म्हणाले, "तुझं बोलणं त्याला पंख्यासारखं आहे गं."

"पंख्याला खोलीत तरी ठेवतात, आक्का," ती म्हणाली. "घ्या, भाकरी खा."

सून मी पारखून आणलेली आहे.

मी काचेबाहेर बसू लागले. त्याची बोटं दिसायची, छाती भात्यासारखी वरखाली होताना दिसायची. घरी कुणाला ताप आला तर मी ओरडून ओरडून उठवते, काढा पाजते, चालवते. इथं माझ्या पोरासाठी मी करण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे तोंड मिटून बसणं. येणारेजाणारे पाहुणे म्हणायचे, आक्का गप्प झाली. आक्का गप्प झाली नव्हती. आक्काला गप्प बसवलं होतं.

मग एक दिवस डॉक्टर मुजावर मला काचेच्या छोट्या खोलीत घेऊन गेल्या. अगदीच शांतता पण बरी नाही, त्या म्हणाल्या. बुडणाऱ्याला काठ लागतो, तसा मेंदूला ओळखीचा सूर लागतो. नवीन यंत्र आलं होतं. मी इथं बोलायचं. यंत्र माझ्या आवाजाचा पोत ठेवणार, शब्द ठेवणार आणि दाब वाढवणारं तेवढं काढून टाकणार: एकदम होणारी सुरुवात, वरची धार, घाई. त्याचं नाव त्यांनी काहीतरी लांबलचक सांगितलं. मी त्याला गाळणी म्हणाले, आणि सगळा दवाखाना तेच म्हणायला लागला.

"काहीतरी बोला."

"काय बोलू? गाढवा, चढायला सांगितलं होतं कुणी तुला?"

डॉक्टरणीनं माझ्या कानाला ऐकण्याचं लावलं. आत एक बाई बोलत होती. शब्द माझेच, गाढवापासून सगळे, पण दुधावरची साय उचलावी तसे एकेक उचलून ठेवलेले.

"ही कोण?"

"तुम्हीच."

"मी नाही. ही उपासाला बसलेली कुणीतरी बाई आहे."

पण तेच पारिसच्या उशाजवळ ठेवलेल्या डबीतून वाजत होतं, आणि पडद्यावरचा त्याचा आकडा खाली येत होता. अठरा. सोळा. पहिल्यांदाच औषध न वाढवता. मग काय बोलणार! मी रोज त्या काचेत बसून बोलू लागले. आज रसाचं आधण करपलं, गुळव्या दारू पिऊन आला, तुझ्या चुलत्यानं पुन्हा बांध कोरला, हरामखोर कुठला. इकडून जाळ जायचा आणि तिकडं अंगाई निघायची. ती बाई माझ्या शिव्यासुद्धा ओवाळून टाकल्यासारख्या द्यायची. मला तिचा राग यायचा, आणि आकडा बघून तिच्या पाया पडावंसं वाटायचं.

सूज उतरली. झोपेचं औषध कमी केलं. घशातली नळी काढली त्या दिवशी मी काचेत होते. पारिसनं डोळे उघडले, उशाजवळच्या डबीकडं वळला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आई."

सिस्टरनं टाळी वाजवली. काचेवर लगेच अक्षरं आली: 'आईला ओळखलं.' त्या एका ओळीवर त्याच्या पुढच्या सगळ्या पायऱ्या ठरणार होत्या: डोक्यातली नळी कधी काढायची, वॉर्ड कधी बदलायचा, घरी कधी सोडायचं.

त्रिशला माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं.

आमच्या घरात मला आई कुणी म्हणत नाही. धाकटे दीर आक्का म्हणायचे, जावा आक्का म्हणायच्या, गडी आक्का म्हणायचे. पारिसला बोलायला आलं तेव्हा तोही आक्का म्हणाला. आमच्याकडं बऱ्याच घरांत असंच असतं, पोर घरातलंच ऐकून शिकतं. आयुष्यात एकदाही त्यानं मला आई म्हटलेलं नाही. मला त्याचं काही वाटलंही नाही. आक्का म्हणताना त्याची मान आपोआप सरळ व्हायची, मला तेवढं पुरायचं.

मी डॉक्टरणीला सांगितलं. ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली. "मग हा हाक मारतोय कुणाला?"

"ते तू सांग. गाळणी तुझी."

दाब बरेच दिवस सरळ राहिल्यावर तिनं डोक्यातली नळी काढली, आणि मला माझ्या तोंडानं, माझ्या आवाजात आत सोडायचं ठरवलं. त्रिशलानं दारात कानाशी म्हटलं, "आक्का, हळू की."

"हळूच बोलते."

"तुमचं हळू म्हणजे आमचं भांडण. त्याच्या निम्मं."

मी त्याच्या पायाशी उभी राहिले. निम्म्याच्या निम्म्या आवाजात म्हणाले, "पारिस. मी आलेय."

त्यानं माझा चेहरा निरखून बघितला. कपाळ, नाक, कानातल्या कुड्या. मग पाहुण्याशी बोलावं तसा नीट, आदरानं बोलला. "तुम्ही अगदी आईसारख्या दिसता. तिच्या बहीण का?"

मी काही बोलायच्या आत तो कपाळ दाबून धरायला लागला. "त्रिशला, यांना बाहेर बसव, चहा दे. आईची बोलायची वेळ झालीय, तिचं ऐकू येणार नाही."

मी चहा घेतला नाही.

डॉक्टर मुजावरांनी समजावलं. चेहरा ओळखायचा रस्ता वेगळा, आणि ते माणूस आपलं आहे ही ऊब वाटायचा रस्ता वेगळा. पारिसचा पहिला शाबूत आहे, दुसरा तुटलाय. मधल्या काळात त्या उबेला जो आवाज सापडला त्याला ती चिकटून बसली. आणि माणसाची आठवण पेटीत ठेवलेल्या लुगड्यासारखी नसते. दर वेळी काढताना ती नव्यानं विणली जाते. तो आजारपणात लहानपण आठवत होता, आणि विणताना धागा त्या बाईचा लागत होता.

"तो आता सांगतो, आई कधी ओरडलीच नाही," त्रिशला म्हणाली. "पोहायला शिकवलं ते पण गोड बोलून."

"विहिरीत ढकललं होतं मी त्याला!"

"मला ठाऊक आहे, आक्का. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

मग ही आई दिसत का नाही? ते भोकही त्याचं त्यानंच बुजवलं. आई श्रवणबेळगोळला क्षेत्रावर राहायला गेलीय, म्हणाला. आमच्या जैनांतल्या म्हाताऱ्या बायका जातात तशा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. कुणी खोडलंही नाही.

तो घरी आला. बोलता, चालता, स्वतःच्या हातानं जेवता. डोक्याला एवढा मार बसलेल्यांतले फार थोडे असे परततात, डॉक्टरीण म्हणाली होती. गाळणीची डबी आता तळहाताएवढी होती. ती माझ्यापाशी, आणि शेंगदाण्याएवढी दुसरी त्याच्या कानात. मी दिसले की त्याचं डोकं ठणकायचं, म्हणून मी गुऱ्हाळावरच्या खोलीत राहायला गेले. घर माझं, ते बांधलं मी, पण उंबऱ्याच्या आत माझी जागा त्या बाईनं घेतली होती.

डॉक्टरणीनं एक वाट सुचवली होती. गाळणीची भोकं थोडी थोडी मोठी करत न्यायची. आज चिमूटभर खरा आवाज, पुढच्या आठवड्यात दोन चिमटी. कदाचित हळूहळू ती बाई आणि मी एक होऊ.

आम्ही सुरू केलं. मी खोलीत बसून बोलायची आणि डबीला कान लावून त्यात माझा आवाज शोधायची. एक दिवस एका शब्दाला जराशी धार ऐकू आली. 'जेवलास का' मधला 'का'. माझा होता तो. मला हसू आलं. भोकं आणखी वाढवली. पारिस रात्री झोपेनासा झाला. आई बदललीय, तिला कुणीतरी त्रास देतंय, म्हणायला लागला. त्यानं ताट फेकलं. मग एका दुपारी माझं बोलणं चालू असतानाच त्याला आकडी आली. डबीतून मला त्रिशलाची किंकाळी ऐकू आली, आणि मी आपली इथून ओरडतेय, "कुशीवर वळव त्याला, कुशीवर!" आणि ते तिकडं कसं पोचत होतं ते मला माहीत होतं. गोड. सावकाश.

मिरजेला नेलं, वाचला. डॉक्टर मुजावर म्हणाल्या, "औषध बदलून पुन्हा प्रयत्न करता येईल. जमेल असं मी म्हणत नाही, जमणार नाही असंही म्हणत नाही. दाबासाठी नियम आहेत, आकडीसाठी आहेत. याच्यासाठी अजून कुठल्याच पुस्तकात नियम नाही, आक्का. ठरवायचं तुम्ही आणि त्रिशलानं."

त्रिशला म्हणाली, "मी काही बोलणार नाही. आई तुम्ही आहात."

"भोकं होती तशी बारीक कर," मी डॉक्टरणीला म्हणाले. "आणि पुन्हा विचारू नको."

त्यानंतर सुगी आली. चुलाणात उसाचं चिपाड पेटलं, माणसं कमी पडायला लागली. एक दिवस पारिस गुऱ्हाळावर येऊन उभा राहिला. एवढा मोठा गडी, टोपी हातात धरून.

"आक्का," तो म्हणाला. घरात, गावात सगळे म्हणतात म्हणून म्हणाला; त्याच्या लेखी मी आईसारखी दिसणारी गुऱ्हाळाची मालकीण. "घरी बसून कंटाळा येतो. काही काम असेल तर सांगा."

आता ह्याचं कपाळ ठणकणार, आता हा खाली बसणार. पण चरक घरघरत होता, त्याच्यावरून बोलायचं तर ओरडायलाच पाहिजे होतं.

"काहिलीवरची मळी काढता येते का?" मी ओरडले.

"शिकवा की!"

"झारा असा धरतात होय? पळी आहे काय ती? मनगट वळव! मनगट!"

त्यानं मनगट वळवलं. त्याला काहीही झालं नाही. मी फोनवर विचारलं तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, "आईच्या आवाजाशी त्याचा मेंदू तुमचा आवाज ताडून बघत होता, म्हणून बिनसत होतं. मालकिणीचा आवाज कशाशी ताडायचाच नाही. मालकीण ओरडणारच."

तेव्हापासून तो रोज येतो. मी त्याला घालूनपाडून बोलते, तो मान सरळ करून ऐकतो. दिवसभर माझा मुलगा माझ्यासमोर असतो आणि मला 'अहो' म्हणतो.

आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात. तो घरी जातो, हातपाय धुतो आणि जेवणाआधी कानात डबी घालून आईशी बोलतो. मी खोलीचं दार लावून माझी डबी हातात घेते. गेले काही दिवस तो आईकडं माझीच गाऱ्हाणी करतो.

"फार बोलतात गं त्या. आज सगळ्यांसमोर मला ठोंब्या म्हणाल्या."

"असशील ठोंब्या," मी म्हणते. तो खुळ्यासारखा हसतो. तिकडं काय साय लागून पोचलं असेल कोण जाणे.

काल तो म्हणाला, "आई, एक विचारू? त्या आक्का एकट्याच जेवतात. मी आज टोपी विसरलो म्हणून मागं गेलो होतो. दाराच्या फटीतून दिसल्या. दोन भाकऱ्या घेतात, एक खातात, दुसरी तशीच ठेवून रस्त्याकडं बघत बसतात. त्यांना कुणी नाही का गं?"

मी डबी तोंडापासून लांब धरली. श्वास जाऊ नये म्हणून. श्वास गाळता येतो का, मला विचारायचं राहिलं होतं.

"आई? आहेस ना?"

"आहे."

"उद्या जेवायला बोलावू त्यांना? त्रिशला हो म्हणाली. तू पण ये की बेळगोळहून. दोघी शेजारी बसा, मी वाढतो. दिसायला पण सारख्या आहात, बघायचंय मला."

बाहेर चुलाण विझत आलं होतं. एका पानावर आम्ही दोघी बसू शकत नाही, हे त्याला कोण सांगणार? कुणी एकीनंच जायचं होतं.

"तिला बोलाव," मी म्हणाले. "माझी वाट बघू नको. माझं इथं बरं चाललंय."

"खरंच येणार नाहीस?"

"नाही. आणि त्रिशलाला सांग, आमटीत मिरची हात राखून घालू नको. तिखट खाणारी बाई वाटते ती."

"आणि घरात पण ओरडल्या तर?"

"ओरडू दे रे," मी म्हणाले. "सवय होईल तुला."

आज सकाळी चरक सुरू झाला, पहिलं आधण चढलं. पारिस माझ्यासमोर येऊन उभा राहिला, घरघरीवरून ऐकू यावं म्हणून तोंडाशी हात धरून ओरडला, "आक्का! आईनं निरोप दिलाय! आज आमच्याकडं जेवायला या!"

मी काहिलीवरची नजर काढली नाही. फेस वर चढत होता.

"तुझ्या आईला सांग," मी माझ्या पुऱ्या आवाजात ओरडले, "येते म्हणावं!"